देवावर राग येतोय, हे पाप आहे का?

"मावशी, नवऱ्याला स्ट्रोक येऊन दीड वर्ष झालं. उजवी बाजू गेलीये, बोलणंही नीट येत नाही. अंघोळ, डायपर, औषधं, व्यायाम सगळं मीच बघते, नोकरी सोडली, रात्री सलग तीन तास झोप नाही. चर्चच्या मंडळीतल्या एक बाई म्हणाल्या की तुझा विश्वास कमी पडतोय म्हणून ते उठत नाहीयेत. आता प्रार्थनेला बसले की शब्दच येत नाहीत, नुसता राग येतो. देवाचं प्रेम आहे म्हणतात, मग तो गप्प का? आणि असा राग धरणं पाप आहे का? – दमलेली"

अगं पोरी, आधी त्या बाईंचं बघू, कारण तू पत्रात त्यांना एकच ओळ दिलीयेस पण मला वाटतं सगळ्यात खोल तेच लागलंय तुला.

बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानातल्या दुसऱ्या अध्यायातला तो पक्षाघाती माणूस आठव. चौघांनी उचलून आणलं त्याला, गर्दीमुळे दारातून जाता येईना तर छप्पर उघडून बाजेसकट खाली सोडलं. आणि तिथे लिहिलंय की येशूने "त्यांचा" विश्वास पाहिला. म्हणजे बायकोचा विश्वास किती किलो भरतो ते कोणी तोलत बसलं नव्हतं, उलट जे उचलून आणत होते त्यांच्याकडे बघितलं गेलं. आता तो माणूस उठून बाज उचलून चालत घरी गेला आणि तुझा नवरा अजून उठला नाही, हे मला कळतंय गं, त्यावर मी काही सारवासारव करणार नाही. का, ते मला सांगता येत नाही, आणि जो छातीठोकपणे सांगेल त्याच्यापासून चार हात लांब राहा. बायबलमधला तो ईयोब, काही चूक नसताना ज्याच्यावर संकटं कोसळली, त्याचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ गप्प बसले तोवर ठीक होतं, तोंड उघडून कारणं सांगायला लागले तिथे बिघडलं, आणि शेवटी देव रागावला तो त्या मित्रांवर!

आणि विश्वास कमी म्हणून आजार जात नाही, तर मग येशूचा प्रेषित पौल, त्याचं काय? शरीरातला काटा, म्हणजे कसलातरी सततचा त्रास, जावा म्हणून त्याने तीनदा विनवणी केली, काटा गेला नाही, "माझी कृपा तुला पुरे" एवढंच उत्तर मिळालं. पाच वेळा एक कमी चाळीस फटके खाल्लेला, तीनदा जहाज फुटलेला माणूस तो, आणि तोच लिहितो की देवाच्या प्रीतीपासून आपल्याला काहीच वेगळं करू शकत नाही, आणि ते लिहिताना यादीत क्लेश, उपासमार, तलवार सगळं घालतो. संकटं येणारच नाहीत असं म्हणतच नाही तो. मला तरी हेच जास्त खरं वाटतं, सगळं सुरळीत चाललेल्या माणसाने प्रेमाबद्दल बोलणं सोपं असतं.

रागाचं म्हणशील तर स्तोत्रसंहितेतलं, म्हणजे बायबलमधल्या प्रार्थनागीतांच्या पुस्तकातलं, 88 वं स्तोत्र काढ. 150 स्तोत्रांमध्ये बहुतेक ठिकाणी रडगाणं शेवटी कुठेतरी स्तुतीकडे वळतं, हे नाही वळत, अंधारातच संपतं. कोणी ते काढून टाकलं नाही की शेवटी गोड ओळ जोडली नाही. 22 व्या स्तोत्रातलं "माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास" हे तर येशू स्वतः वधस्तंभावर ओरडला. तेव्हा तुझा राग म्हणजे प्रार्थना बंद पडलीये असं समजू नकोस, तू अजून त्याच्याशीच भांडतेयस ना, पाठ फिरवून गेली नाहीस. शब्द येत नसतील तर हेच स्तोत्र वाच, तेवढंही होत नसेल तर नुसती बस, नाहीतर झोप.

हो, झोपच म्हणतेय मी. एलीया संदेष्टा रानात झुडपाखाली बसून "आता पुरे, मला मरू दे" म्हणाला तेव्हा देवदूताने त्याला उपदेश नाही केला, निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी दिलं, तो खाऊन परत झोपला, मग पुन्हा उठवून खायला घातलं. दोन झोपा आणि दोन जेवणं झाल्यावर, चाळीस दिवसांची वाट चालून होरेब डोंगराला पोचल्यावर कुठे देवाने विचारलं, तू इथे काय करतोस. तू विचारतेस देव गप्प का, मला वाटतं तू अजून भाकरीच्याच टप्प्यावर आहेस, आणि ती भाकर बहुतेक माणसांच्या हातून येते, फक्त आपण "नको, जमतंय मला" म्हणून परत पाठवतो. तू कितींना पाठवलीस, खरं सांग?

अजून एक, हे टाळू नकोस. एलीयासारखं मरावंसं वाटत असेल तर आजच्या आज जवळच्या कोणालातरी सांग आणि डॉक्टरांकडे जा. एरवीही झोपेबद्दल, रडण्याबद्दल डॉक्टरांशी बोल, त्यात विश्वास कमी असण्याचं काही नाही, शुभवर्तमान लिहिणारा लूक वैद्यच होता की.

आणि त्या बाई पुढच्या वेळी विश्वासावर बोलायला लागल्या की शांतपणे विचार, दर गुरुवारी दोन तास ह्यांच्यापाशी बसाल का, मी जरा झोपून घेते. हो म्हणाल्या तर उत्तम, नाही म्हणाल्या तर दुसऱ्या कोणाला विचार, तिसऱ्याला विचार, त्या छपरावरही चौघं लागले होते.