नोकरी सोडून फायनान्शियल अ‍ॅडव्हायजर व्हायचंय त्याला

अरे, पहिलं म्हणजे हातातली नोकरी घाईत सोडू नकोस, सुरुवातीला क्लायंट फार हळू येतात, वर्षभराचा घरखर्च बाजूला असेल तरच उडी मार. अ‍ॅडव्हायजर व्हायला जी परीक्षा द्यावी लागते तिचं टेन्शन नको, अभ्यास केला की निघते. एखाद्या कंपनीत जॉइन होताना मात्र स्पष्ट विचार, पैसे कुठून मिळणार, क्लायंटच्या फीमधून की प्रॉडक्ट विकून कमिशन, कारण कमिशनवर असलं की महिनाअखेरीला टार्गेट डोक्यावर बसतं आणि नको ती पॉलिसी समोरच्याच्या गळ्यात मारली जाते, मी पहिल्या कंपनीत हे जवळून बघितलंय, रात्री झोप लागायची नाही.

आणि आकडे सोपे करून सांगायला शीक. 100 चे 50 टक्के पडून 50 झाले तर परत 100 व्हायला 50 नाही, 100 टक्के वाढ लागते, हे कागदावर काढून दाखवलं की माणूस एकदम गप्प होतो आणि मग रिस्कबद्दल मनातलं खरं बोलायला लागतो. तुझा जुना अनुभव पण वाया जाणार नाही बरं का, त्या फील्डमधल्या लोकांचे पगार, बोनस, पेन्शनचे प्रश्न तुला आतून माहितीयेत, पहिले क्लायंट तिथलेच मिळतील. फक्त पहिल्या भेटीत काही विकू नकोस, नुसतं ऐकून घे.