म्युनिकची ऑफर, स्नायूंचा आजार आणि तुमचे प्रश्न

तुम्ही लिहिलंत की वय २९, हिंजवडीत सात वर्षं सॉफ्टवेअरमध्ये बॅकएंडचं काम, दोन वर्षांपूर्वी लिंब-गर्डल मस्क्युलर डिस्ट्रॉफीचं (खांदे आणि कंबरेचे स्नायू हळूहळू कमजोर करणारा आनुवंशिक आजार) निदान झालं आणि आता म्युनिकच्या कंपनीची ऑफर हातात आहे. जिन्यात कठडा धरावा लागतो, बाकी चालता येतं. जावं का, व्हिसाला आजार आडवा येईल का, कंपनीला सांगावं का, असं विचारलंत. आई घाबरल्यात हेही लिहिलंत.

माझाही आजार तोच, डिस्फर्लिन या स्नायूंमधल्या प्रथिनाच्या दोषाचा प्रकार. २०१३ साली इथे जर्मनीत आलो तेव्हा खुर्चीतून उठताना गुडघ्यांवर हात रेटावे लागत होते. आज इलेक्ट्रिक व्हीलचेअरवर आहे आणि रोज कोड लिहितो.

माझं मत स्पष्ट सांगतो: या. फक्त आज काय जमतंय ते धरून काहीही आखू नका. घर असो, विमा असो की टेबल, पाच वर्षांनी कठडा धरूनही जिना चढता येणार नाही असं समजूनच ठरवा. मी तसं केलं नाही आणि ते मला महागात पडलं.

व्हिसाची काळजी सोडा. जर्मनी नोकरीच्या व्हिसासाठी सरसकट वैद्यकीय तपासणी मागत नाही. ऑस्ट्रेलिया आणि कॅनडा मात्र तुमच्या उपचारांचा सरकारी तिजोरीवर किती भार पडेल याचा हिशोब मांडतात आणि त्यावरून अर्ज नाकारूही शकतात. आपल्यासारख्यांसाठी हा फरक फार मोठा आहे.

विम्याचं मात्र नीट वाचा, कारण इथे चूक झाली तर ती सुधारणं फार अवघड. वर्षाचा पगार ठरावीक मर्यादेच्या वर असेल (२०२५ साली ती ७३,८०० युरो होती) तर तुम्हाला खाजगी विमा घेता येतो, आणि एजंट लगेच फोन करतात: तरुण आहात, हप्ता कमी पडेल. त्यांच्या नादी लागू नका. खाजगी कंपनी आजारांची पूर्ण माहिती विचारते, आणि लपवलंत तर पुढे करार रद्द करू शकते. पब्लिक इन्शुरन्स, म्हणजे टीके, आओके वगैरे सार्वजनिक विमा संस्था, जुन्या आजारावरून कुणाला नाकारत नाही. जर्मनीतली पहिलीच नोकरी असेल तर पगार मर्यादेच्या वर असला तरी त्यात शिरता येतं, पण तीन महिन्यांच्या आत. माझी व्हीलचेअर याच विम्यातून आली, माझ्या खिशातून गेले दहा युरो. फिजिओही डॉक्टरांच्या चिठ्ठीवर चालू आहे.

आता कंपनीला सांगण्याबद्दल. मुलाखतीत आजार सांगायची सक्ती नाही, तुमच्या मुख्य कामाच्या आड तो येत नसेल तर. पहिल्या नोकरीत मी कुणालाच काही सांगितलं नाही. टीम डोंगरावर निघाली की दरवेळी नवी सबब. आठव्या महिन्यात ऑफिसच्या जिन्यावर पडलो, मनगट मोडलं आणि सगळं उघड झालं. दोन महिन्यांनी पुनर्रचनेचं कारण देऊन मला काढलं. हातात अपंगत्वाचा दाखला नव्हता, त्यामुळे संरक्षणही नव्हतं. परक्या देशात, प्लॅस्टरमधल्या हाताने मी मुलाखती दिल्या. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हे लिहितोय.

इथे अपंगत्वाची श्रेणी दहाच्या टप्प्यांत, शंभरपर्यंत ठरते. ५० किंवा जास्त मिळाली की ‘श्वेअरबेहिंडर्ट’ (गंभीर अपंगत्व असलेली व्यक्ती) म्हणून ओळखपत्र मिळतं: वर्षाला पाच दिवस जादा पगारी रजा, करात १,१४० युरोंपासून सूट, आणि नोकरीला सहा महिने झाल्यावर सरकारी कार्यालयाच्या संमतीशिवाय कंपनी काढू शकत नाही. ३० किंवा ४० मिळाली तरी निराश होऊ नका. नोकरी धोक्यात असेल तर रोजगार कार्यालयाकडे ५० वाल्यांशी समान दर्जा मागता येतो, त्यात रजा नाही पण नोकरीचं संरक्षण येतं. आपलं यूडीआयडी कार्ड (भारतातलं अपंगत्वाचं ओळखपत्र) इथे चालत नाही, नव्याने अर्ज करावा लागतो आणि निकालाला महिने लागतात. काढून टाकण्याच्या किमान तीन आठवडे आधी अर्ज पोचलेला असेल तरच तो उपयोगी पडू शकतो. म्हणून घराचा पत्ता नोंदवला की पहिल्याच महिन्यात अर्ज टाका.

मॅनेजरला आजाराचं नाव नाही सांगितलं तरी चालेल, गरज सांगा: उंची बदलणारं टेबल, लिफ्टजवळची जागा, थंडीत घरून काम.

येताना जनुकीय तपासणीचा मूळ रिपोर्ट आणा, जनुकातला बदल नेमका कोणता ते त्यात लिहिलेलं असतं. डिस्फर्लिनच्या आजाराला पॉलिमायोसायटिस (स्नायूंचा दाह) समजून स्टेरॉइड दिल्याची उदाहरणं खूप आहेत, त्यातलं एक मीच. म्युनिकमध्ये फ्रीडरिश-बाउर इन्स्टिट्यूट आहे, स्नायूंच्या आजारांचंच. तिथली वेळ पुण्यातूनच मागून ठेवा.

घर बघताना ‘होखपार्टेर’ हा शब्द दिसला तर सावध व्हा. तळमजला म्हणतात, पण दारापर्यंत पाच-सहा पायऱ्या असतात. जुन्या इमारतींत बहुधा लिफ्ट नसते. मी हौसेने तिसऱ्या मजल्यावरचं सुंदर घर घेतलं आणि दोन वर्षांत सोडलं. म्युनिकमध्ये दुसरं घर शोधणं हे वेगळंच संकट आहे.

ब्लू कार्डावर (उच्चशिक्षित परदेशी कामगारांचा परवाना) जर्मन भाषेची ए१, म्हणजे प्राथमिक पातळी असेल तर २७ महिन्यांनी कायम वास्तव्याचा परवाना मिळू शकतो, त्याहून वरची बी१ असेल तर २१ महिन्यांनी. पगार चालू असतानाच तो घ्या. भाषेचा क्लास आजच लावा.

कामाचं सांगायचं तर बोटं बराच काळ साथ देतात, आधी दमतात ते खांदे. दोन भागांचा कीबोर्ड मांडीवर, कोपरांना आधार, माउसऐवजी ट्रॅकबॉल, यावर माझी चार वर्षं गेली. मग टॅलन शिकलो, आवाजाने कोड लिहायचं सॉफ्टवेअर. ए, बी, सी साठी ‘एअर, बॅट, कॅप’ असे शब्द असतात. पहिले दोन महिने एक फंक्शन लिहायला अर्धा तास लागायचा, घसा बसायचा, रडूही आलं. आता दिवसभराचं निम्मं काम आवाजाने होतं. हात चालत असतानाच शिका, म्हणजे घाई नसते. आणि कुणी प्रेमाने ‘तुम्ही आता फक्त मीटिंगा सांभाळा’ म्हणालं तर तिथेच नकार द्या. मी एकदा होकार दिला होता. कोडपाशी परत यायला दीड वर्ष गेलं.

एक गोष्ट इथे मिळत नाही, ती म्हणजे माणसं. पुण्यात पडलात तर चार जण धावतील. इथे पहिल्या हिवाळ्यात मी बर्फावर पडून शेजाऱ्याची वाट बघत वीस मिनिटं बसलो होतो. मराठी मंडळातली दोन कुटुंबं आज माझ्या घराची किल्ली बाळगतात, पण ती ओळख व्हायला वेळ लागला. आल्या आल्या भेटीगाठी सुरू करा.

आईंचं घाबरणं खरं आहे. माझी आईही म्हणाली होती, तिकडे तुला उठवणार कोण. ती साताऱ्याला असते. आईंना बोलायचं असेल तर नंबर देतो, दुपारी तीननंतर ती मोकळी असते. आणि ऑफिसचा पत्ता पाठवा, जवळच्या स्टेशनवर लिफ्ट आहे का ते मी जाऊन बघून येतो.