बायपासनंतर वडिलांचे ठोके अनियमित झाले म्हणून रक्त पातळ करणारी गोळी सुरू केली. ती आयुष्यभर घ्यावी लागते का?

बहुतेकांना नाही. बायपासनंतर साधारण तिघांपैकी एकाला हा त्रास होतो, तोही बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी. त्याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात, तिथे रक्त साचून गुठळी होते आणि ती मेंदूत गेली तर पक्षाघात. गोळी त्यासाठी आहे. ठोके ताळ्यावर आणायला वेगळी औषधं असतात.

बऱ्याच जणांचे ठोके चार-सहा आठवड्यांत पूर्ववत होतात. म्हणून साधारण 60 दिवसांनी ईसीजी, वय, बीपी, मधुमेह, पूर्वीचा पक्षाघात हे सगळं पाहून डॉक्टर पुढचं ठरवतात. धातूची कृत्रिम झडप बसवली असेल तर मात्र गोष्टच वेगळी. तिथे वॉरफेरिन किंवा एसिट्रॉम या रक्त पातळ करणाऱ्या जुन्या गोळ्या कायमच्या, त्याच कामाची नवी औषधं चालत नाहीत.

वॉरफेरिन किंवा एसिट्रॉम चालू असेल तर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी) तपासणी चुकवू नका; एट्रियल फिब्रिलेशनसाठी तो 2 ते 3 मध्ये हवा. पालेभाज्यांतल्या व्हिटॅमिन के मुळे या गोळ्यांचा परिणाम कमी होतो, पण पालक-मेथी बंद करायची गरज नाही, फक्त प्रमाण रोजचंच ठेवा. गुडघे दुखले म्हणून मेडिकलमधून डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन आणून वडिलांना देऊ नका, कृपा करून! या वेदनाशामक गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो, सोबत अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर आणखी. काळी शी झाली, डोक्याला मार लागला, तोंड वाकडं झालं किंवा बोलणं अडखळलं, तर थेट हॉस्पिटल गाठा. आणि बरं वाटतंय म्हणून गोळी परस्पर थांबवू नका.