सेकंड हँड डिझेल डिझायरचा अ‍ॅव्हरेज १३ च्या पुढे जात नाही, इंजेक्टर बदलू का?

आत्ताच बदलू नका. गाडी तुमच्या गॅरेजवाल्याकडे असेल आणि त्याने इंजेक्टर, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणारे नोझल, काढायला घेतले नसतील, तर आधी त्याला थांबवा.

तुम्ही लिहिलंय ते असं : परभणीत २०१४ ची डिझायर डिझेल सेकंड हँड घेतली, शहरात आणि जिंतूर रोडला मिळून अ‍ॅव्हरेज १३, ओव्हरटेक करताना मागे काळा धूर, चढाला गाडी ओढत नाही. पण सकाळी पहिल्या सेल्फला चालू होते आणि उभी असताना इंजिन एकसारखं चालतं. मेकॅनिक म्हणतो चारही इंजेक्टर गेले.

अंबाजोगाईला माझं गॅरेज आहे. फियाटचं हे १.३ लिटरचं डिझेल इंजिन स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, व्हिस्टा, पुंटो अशा कितीतरी गाड्यांत बसलंय, त्यामुळे आमच्याकडे ते रोजचं आहे. इंजेक्टर खरंच गेले की गाडी आधी सकाळी सांगते. सेल्फ लांबतो, सुरुवातीला पांढरा धूर येतो, उभ्या गाडीत इंजिन थरथरतं, खडखड वाढते. यातलं काहीच तुमच्या प्रश्नात नाही. तुमच्याकडे आहे तो फक्त जोर पडल्यावर येणारा काळा धूर. काळा धूर म्हणजे जेवढं डिझेल गेलं तेवढी हवा पोहोचली नाही. खराब नोझलनेही काळा धूर येतो हे खरं, पण इंजिन इतकं शांत चालत असताना मी आधी हवेच्याच मागे लागेन.

पहिला संशय टर्बोच्या होज पाईपवर. टर्बो हा पंखा हवा दाबून इंजिनात पाठवतो आणि या वाटेवर रबरी नळ्या आहेत. दहा वर्षांची उष्णता आणि हवेबरोबर येणारा ऑइलचा अंश यांनी ते रबर आधी फुगतं, मग चिरतं. चीर बहुतेक वेळा क्लिपजवळ किंवा नळीच्या खालच्या अंगाला असते, वरून बघून दिसत नाही. गाडी उभी असताना नळीत दाब नसतो, म्हणून चीर मिटलेली राहते. तुम्ही पाय दाबला की ती उघडते, फुस्स असा आवाज येतो, हवा बाहेर जाते आणि गाडी ओढत नाही म्हणून तुम्ही पाय आणखी दाबता. डिझेल तिथे जातं.

इंजिन थंड असताना नळीच्या खालून बोटं फिरवा. आपल्याकडच्या धुळीचा एक फायदा असा की जिथून हवा फुटते तिथे ऑइल आणि माती मिळून काळा, चिकट थर जमतो आणि बाकीची नळी कोरडी राहते. असा डाग सापडला की नळी काढून हातात घ्या आणि दोन्ही बाजूंनी वाकवा. मिटलेली चीर तोंड उघडते. नळी बदलून टाका. चिकटपट्टी किंवा सोल्यूशन लावून ती टिकत नाही. नवी नळी घालून क्लिपा नीट आवळल्या की त्याच चढावर फरक कळतो, आणि चार इंजेक्टरच्या मानाने खर्च किरकोळ असतो.

त्याच वेळी एअर फिल्टर उघडा. पुस्तकात दिलेलं बदलायचं अंतर मराठवाड्यातल्या कच्च्या रस्त्यांसाठी धरू नका. उसाच्या ट्रॅक्टरमागे आणि ज्वारीच्या मळणीच्या दिवसांत रानातल्या वाटेने गाडी फिरली असेल, तर फिल्टर निम्म्या अंतरातच भरतो. कंप्रेसरची हवा मारून तोच परत बसवू नका, कागदाला बारीक भोकं पडली तर धूळ थेट टर्बोत जाते. फिल्टर चांगल्या कंपनीचाच घ्या. कडेला सैल बसणाऱ्या स्वस्त फिल्टरमुळे खराब झालेले टर्बो आम्ही पाहिलेत, फार वाईट वाटतं.

नळी आणि फिल्टर ठीक निघाले तर ईजीआर व्हॉल्व्ह (धुराचा थोडा भाग परत इंजिनात सोडणारी झडप) काजळीने अर्धवट उघडा अडकलाय का ते पाहायला सांगा. लक्षणं अगदी तुम्ही लिहिलीत तशीच असतात आणि साफ करून बहुतेक वेळा काम होतं. पत्रा लावून तो बंद करून देतो असं कोणी म्हटलं तर करू देऊ नका, त्याने विषारी वायू वाढतो.

आता एक गोष्ट आपल्या भागात मुद्दाम तपासण्यासारखी. इथे मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो, गाडी गरम होते, आणि काही मेकॅनिक थर्मोस्टॅटच (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकतात. गाडी गरम व्हायची थांबते, मालक खूश होतो आणि पुढे गाडी विकतो. थर्मोस्टॅट नसलेलं किंवा उघडा अडकलेलं इंजिन थंडीत हायवेला पुरतं तापतच नाही. इंजिन अजून थंड आहे असं कॉम्प्युटरला वाटत राहतं, तो त्या हिशेबाने डिझेल देतो, ऑइलही घट्ट राहतं. आधीच्या मालकाने हे केलंय की नाही हे तुम्हाला कागदपत्रांत दिसणार नाही. ब्लूटूथचा छोटा स्कॅनर मिळतो, तो स्टेअरिंगखालच्या सॉकेटला लावून मोबाईलवर कूलंटचं, म्हणजे इंजिनात फिरणाऱ्या पाण्याचं, तापमान बघा. सकाळी वीस-पंचवीस मिनिटं हायवेला चालवूनही आकडा ८० च्या वर जात नसेल तर हा दोष नक्की समजा. नवा थर्मोस्टॅट बसवा, आणि मुळात गाडी का गरम होत होती तेही शोधा : रेडिएटर, पंखा, वॉटर पंप.

ब्रेक चिकटतोय का हे तर तुम्ही घरीच बघू शकता. मोकळ्या रस्त्यावर ब्रेक फारसा न लावता थोडी गाडी चालवा, उतरून चारही चाकांच्या रिमजवळ पालथा हात न्या. एक चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम लागलं तर त्याचा कॅलिपर किंवा मागचा लायनर अडकलाय. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीत हँडब्रेकची केबल हमखास जाम होते.

हे सगळं करायच्या आधी १३ हा आकडा कसा काढलात ते मात्र तपासा, कारण प्रश्नात ते नाही. काचेमागच्या मीटरवर विसंबू नका. एकाच पंपावर पहिल्या ऑटोकटला (पंप आपोआप थांबतो तिथपर्यंत) टाकी भरा, अडीचशे-तीनशे किलोमीटर चालवा, पुन्हा त्याच पंपावर पहिल्या ऑटोकटला थांबा आणि किलोमीटरला लिटरने भागा. शहराचा आणि रोडचा आकडा वेगळा काढा. टायरचा साईजही बघा. आधीच्या मालकाने मोठे टायर घातले असतील तर ओडोमीटर खऱ्यापेक्षा कमी किलोमीटर दाखवतो आणि अ‍ॅव्हरेज उगाच कमी दिसतो. हवा दरवाजाजवळच्या स्टिकरवर लिहिलीय तेवढी भरा.

या मॉडेलचा कंपनीचा आकडा २३.४ आहे. तो प्रयोगशाळेतला आहे, त्या चाचणीत वेग ताशी ९० च्या वर जातच नाही. नीट गाडी रोडला ८० च्या वेगाने २० च्या आसपास देते, शहरात एसी लावून १५-१६. तुम्ही जालन्याहून समृद्धीवर चढून ११० ने जात असाल तर कमीच धरा : ८० वरून ११० वर गेलं की हवेचा विरोध जवळपास दुप्पट होतो. आणि परभणीत शाळा, बाजार, घर अशा दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन तापायच्या आत बंद होतं, तिथे १३-१४ आला तर त्यात गाडीचा दोष नाही.

एवढं करून रोडला अ‍ॅव्हरेज सुधारला नाही, तर मग इंजेक्टर. पण तेव्हाही आधी रिटर्नची चाचणी करायला लावा. चारही इंजेक्टरच्या रिटर्न नळ्या (उरलेलं डिझेल परत नेणाऱ्या) चार सारख्या बाटल्यांत सोडून इंजिन काही मिनिटं चालू ठेवायचं, जी बाटली इतरांपेक्षा लवकर भरते तो इंजेक्टर खराब. हे तुमच्या समोर करायला सांगा. मग संशयित इंजेक्टर गाड्यांचे डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्या दुकानात टेस्ट बेंचला लावून त्याचा छापील रिपोर्ट घ्या. चारमधला एकच वाईट निघाला तर एकाचेच पैसे द्या, आणि नवा बसवल्यावर त्याच्यावरचा कोड स्कॅनरने कॉम्प्युटरमध्ये भरला का हे विचारून घ्या.