पडाव म्हणजे मुक्काम नव्हे

एका वाचकाने पणजोबांच्या जुन्या पत्रातलं एक वाक्य पाठवलं आहे. पत्र रत्नागिरीहून मुंबईला लिहिलेलं: "बोट दोन प्रहरी आली, समुद्र खवळलेला, मुलांस बोट लागली, पडावाने बंदरात उतरेतो दिवस मावळला." त्यांचा प्रश्न असा की इथे पडाव म्हणजे मुक्काम का? आणि 'होडी', 'मचवा', 'गलबत', 'तर' हे सगळे एकाच वस्तूचे शब्द की वेगवेगळे?

आधी पडाव. मुक्काम हा अर्थ हिंदीतला, 'पड़ना'वरून आलेला. 'आयुष्याच्या या पडावावर' असं हल्ली मराठीतही सर्रास लिहितात, म्हणून गोंधळ होतो. (आपल्याकडे टप्पा आहे, मुक्काम आहे, पेणं आहे. असो.) कोकणातला पडाव ही नाव आहे आणि तो शब्द किनाऱ्या-किनाऱ्याने दक्षिणेशी जोडलेला आहे. तमिळमध्ये नावेला पडगु म्हणतात, कन्नडमध्ये जहाजाला हडगु. कन्नडात जुन्या 'प'चा 'ह' होतो, त्यामुळे हे दोन्ही शब्द सख्खेच.

पडावाचं काम म्हणजे मोठं जहाज आणि किनारा यांच्यातली ने-आण. कोकणच्या बंदरांत खाडीच्या तोंडाशी वाळूचे दांडे असतात, पाणी उथळ. मुंबईहून निघालेली आगबोट दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला करत पणजीला जायची, पण बहुतेक ठिकाणी ती बाहेर खोल पाण्यात नांगर टाकून उभी राहायची. मग पडाव तिच्या कुशीला जाऊन लागायचे. माझी आत्या सांगायची की खरी परीक्षा तिथे असे. लाट आली की पडाव वर येतो, त्याच क्षणी पाय टाकायचा. चुकलात तर पुढच्या लाटेपर्यंत खलाशाच्या हाताला लोंबकळा. लहान मुलांना तर बोचक्यासारखं वरून खाली झेलत. आधी ट्रंका, मग बायका-मुलं, मग उरलेले. अशा चार-पाच खेपा होईपर्यंत दिवस मावळला तर नवल नाही.

त्याच वाक्यात दुसरी गंमत दडली आहे. इंग्रजीत 'बोट' म्हणजे सहसा छोटी नाव. मराठीत मात्र हा शब्द आला तो धूर सोडणाऱ्या आगबोटीबरोबर, म्हणून आपल्याकडे बोट मोठी आणि पडाव लहान. १७ जुलै १९४७ रोजी रेवसला जाताना बुडाली ती 'रामदास बोट'च. तिला होडी किंवा नाव कुणी म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. आणि 'बोट लागणे' म्हणजे बोट धक्क्याला लागणे नव्हे, समुद्रावर पोटात ढवळून ओकारी होणे. त्याच चालीवर पुढे घाटात 'गाडी लागू' लागली. तेव्हा पणजोबांच्या वाक्यात बोट आधी आली आणि मग मुलांना लागली, यात काही चूक नाही.

'तर' हा शब्द मला या सगळ्यात सर्वात आवडतो, कारण तो वस्तूला चिकटलेलाच नाही. तरणे या धातूच्या घरातली ही माणसं: तर, तरी, तारू, तरांडं. त्यातली तर म्हणजे पलीकडे नेण्याची सोय. नाव कसलीही असो, ती या तीरावरून त्या तीरावर माणसं नेते ना, मग ती तर. गोव्यात उताराच्या जागेलाच तार म्हणतात आणि नाव चालवणारा तो तारी. म्हापशात 'तार' नावाचा भागच आहे. जयगडच्या धक्क्यावर मी एकदा तवसाळला जायला उभा होतो. समोरून फेरीबोट येत होती, लोखंडी, सपाट, पोटात सात-आठ मोटारी आणि दुचाक्यांची रांग. शेजारी मासळीची पाटी घेऊन बसलेल्या आजीबाईंनी डोळ्यांवर हात धरून विचारलं, "ती आपलीच तर काय रे?" वल्ह्यांच्या नावेचा शब्द डिझेलच्या इंजिनाला त्यांनी सहज लावून टाकला होता. काम तेच, मग नाव का बदला?

मराठीत नावेला नाव मिळतं ते बऱ्याचदा असं कामावरून. लांबी-रुंदीने फरक पडतो, पण पहिला प्रश्न 'ही काय करते' हाच.

होडी ही त्यातल्या त्यात सर्वसाधारण. लहान, वल्ह्यावर चालणारी. चिडून किंवा कीव करून बोलायचं तर होडगं. पण कोळ्याला नुसतं होडी सांगून भागत नाही. रापणीची होडी वेगळी: ती किनाऱ्यावरून निघून जाळं पाण्यात कमानीसारखं सोडत परत किनाऱ्यालाच येते आणि मग दोन्ही टोकांना माणसांच्या रांगा लागून जाळं ओढतात. या होड्यांच्या फळ्या पूर्वी खिळ्यांनी ठोकत नसत, काथ्याने शिवत. किनाऱ्याच्या वाळूवर आपटताना शिवण थोडी लवते, खिळा लवत नाही. मालवणकडे लहान अरुंद होडीला एका बाजूने आडव्या काठ्या बांधून त्यांच्या टोकाला लाकडाचा ओंडका जोडतात. ती उलांडी. ती आहे म्हणून होडी कलंडत नाही. आणि मुंबई-रायगडकडचा डोलकर लाटांवर डोलतो म्हणून डोलकर, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. डोल हे पिशवीसारखं जाळं आहे. भरती-ओहोटीच्या ओढीत ते तोंड उघडं ठेवून बांधतात. ते लावतो तो डोलकर.

मचवा होडीपेक्षा मोठा, शिडाचा, मासेमारीलाही आणि मालालाही चालणारा. त्याहून मोठी फत्तेमारी: कौलं, मीठ, नारळ भरून किनाऱ्याने लांबलांब जाणारी. तिचं शीड तिकोनी आणि ते ज्या तिरक्या लांब काठीला बांधतात ती परबाण. डोलकाठी उभी, परबाण तिरपी. वाचताना या दोन्हींची गल्लत होते. पावसाळ्याआधी ही सगळी मंडळी वर ओढून झापांनी शाकारून ठेवायची ती नारळी पौर्णिमेपर्यंत. घर शाकारतात तशीच नावही.

आता गलबत. ऐतिहासिक कादंबऱ्यांमुळे हा शब्द 'मोठं लढाऊ जहाज' असा डोक्यात बसला आहे. मराठी आरमारात मोठी होती ती गुराब. हा अरबी शब्द, मूळ अर्थ कावळा. नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, पुढे टोकदार निघालेली, दोन किंवा तीन डोलकाठ्या. अठराव्या शतकातल्या इंग्रज इतिहासकार ऑर्मने तीन डोलकाठ्यांची गुराब सुमारे ३०० टनांची आणि दोनांची सुमारे १५० टनांची सांगितली आहे, तर गलबत क्वचितच ७० टनांच्या वर. पण गलबताला चाळीस-पन्नास वल्ही. त्यामुळे वारा पडला की गुराब जागच्या जागी ठप्प व्हायची आणि गलबतं तिला दोर लावून ओढत शत्रूवर नेऊन भिडवायची. थोडक्यात गलबत हे आरमाराचं चपळ, घाम गाळणारं अंग.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही (१७१५ च्या सुमाराचं) हाच हिशेब दिसतो: गुराबा फार थोर नकोत, फार लहान नकोत, मध्यम असाव्यात, आणि वाऱ्याशिवाय ज्यांचा उपयोग नाही अशी अवजड जहाजं करण्यात अर्थ नाही. सभासद बखरीत गुराब, तरांडं, तारू, गलबत, शिबाड, पगार अशी नावं ओळीने येतात. (होय, पगारसुद्धा. महिन्याचा पगार मात्र पोर्तुगीज, या जहाजाशी त्याचा संबंध जोडू नका.) आजच्या आवृत्त्यांत या सगळ्यांचा अर्थ 'जहाजाचा एक प्रकार' एवढाच दिलेला असतो, तेव्हा जीव हळहळतो.

देशावर समुद्र नाही, पण नद्या आहेत. तिथे नाव आणि नावाडी. मोठी नाव नसेल तर सांगड: वाळलेले भोपळे किंवा दोन लहान नावा एकत्र बांधून केलेलं तरंगतं साधन. 'सांगड घालणे' तिथूनच. आपण आज सिद्धान्त आणि व्यवहार यांची सांगड घालतो ती कोरड्या जमिनीवर बसून. कृष्णा-पंचगंगेच्या काठी गूळ करायची मोठी काहीलही लोकांनी नदीत सोडून तिच्यात बसून पैलतीर गाठला आहे. ती गोल असल्यामुळे वल्हवताना गरगर फिरते, सवयीचा माणूस लागतो. तिला वेगळं नाव मिळालं नाही. पाण्यातही ती काहीलच.

तेव्हा पत्रातलं वाक्य असं वाचावं: आगबोट दुपारी येऊन बाहेर उभी राहिली, मुलं ओकून बेजार झाली होती आणि लहान नावांतून खेपा करत सगळे किनाऱ्याला लागेपर्यंत संध्याकाळ झाली. पडाव पुल्लिंगी: तो पडाव, ते पडाव, पडावाने. पत्राची नक्कल उतरवताना तेवढं 'पडावाने'चं 'पडावावर' करू नका.