कुंपणाचे खांब कशात रोवायचे: काँक्रीट, खडी, फोम की नुसती माती?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. परसाच्या कडेने ६ फूट उंचीचं, फळीला फळी लावून बंद केलेलं लाकडी कुंपण घालायचंय. ४ इंची चौकोनी खांब एकूण १२, त्यांतले दोन फाटकाचे. वरच्या बाजूची जमीन मुरमाड आहे, खालच्या कोपऱ्यात चिकणमाती आहे आणि तिथे पाऊस थांबला तरी दोन दिवस पाणी साचून राहतं. एक जण म्हणतो काँक्रीट ओता, दुसरा म्हणतो माती ठोकून भरा, तिसऱ्याने फोमच्या, म्हणजे खड्ड्यात ओतला की फुगून घट्ट होणाऱ्या मालाच्या, पिशव्या आणायला सांगितल्यात.

माझं उत्तर आधी सांगून टाकतो: वरच्या बाजूचे सात खांब खडीत, फाटकाचे दोन काँक्रीटमध्ये, आणि खालच्या कोपऱ्यातले तीन काँक्रीटमध्ये खरे, पण लाकूड जमिनीच्या वर ठेवून. फोम एकालाही नाही. बाराही खांबांना एकच माल वापरायचा हट्ट का धरतात ते मला अजून कळलेलं नाही. जमीन एकसारखी नाही, खांबांवरचा भार एकसारखा नाही, मग माल तरी एकच कशाला?

माझं पहिलं कुंपण मी पूर्ण काँक्रीटमध्ये रोवलं होतं. खड्ड्याच्या तळाशी थेट काँक्रीट, त्यावर खांब उभा, वरून जमिनीबरोबर सपाट करून टाकलं. दिसायला झकास. सहाव्या वर्षी एका वादळी रात्री तीन खांब आडवे झाले, तिन्ही बरोबर जमिनीच्या रेषेत मोडलेले. वरचं लाकूड ठणठणीत आणि खालचं, काँक्रीटच्या पोटातलंही बऱ्यापैकी शाबूत. मधलं चार बोटांचं लाकूड तेवढं भिजवलेल्या पावासारखं झालेलं. नवे खांब त्याच जागी हवे होते, म्हणजे जुने गोळे काढणं आलं. १ फूट व्यासाचा, २ फूट खोल काँक्रीटचा गोळा साधारण ९० किलोचा भरतो. तीन गोळे काढायला पहार, तरफ आणि दोन माणसं लावून दीड दिवस गेला. कुंपण उभारायला त्याहून कमी वेळ लागला होता.

तेव्हापासून लाकडी खांब म्हटला की मी आधी पाण्याचा विचार करतो, मजबुतीचा नंतर.

लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओल आणि हवा दोन्ही लागतं. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या खाली असेल तर बुरशीला जोर धरता येत नाही. फार खोलवर ओल असते, पण हवा तुटपुंजी. वर हवा भरपूर, पण ऊन-वारा लाकूड सुकवून टाकतो. दोन्ही एकत्र मिळतात ते जमिनीच्या रेषेजवळ, वर दोन-चार इंच आणि खाली सहा-आठ इंच. नेमकं तिथेच वाऱ्याचा वाक सगळ्यात जास्त पडतो. म्हणून खांब मोडतो तो तिथे. खालचं टोक डांबरात बुडवून ठेवणारे आणि जाळून काळं करणारे बरेच आहेत, पण टोकाचं रक्षण करून कमरेचं दुखणं कसं जाणार?

काँक्रीट स्वतः लाकूड कुजवत नाही. भानगड होते ती फटीमुळे. ओलं काँक्रीट ओतल्यावर लाकूड पाणी पिऊन फुगतं, मग सुकताना आकसतं आणि भोवती बारीक फट राहते. त्या फटीतून प्रत्येक पावसाचं पाणी आत उतरतं. खाली काँक्रीटचाच तळ असेल तर ते जाणार कुठे? खांब कुंडीत लावल्यासारखा पाण्यात उभा राहतो.

आता मजबुतीकडे येऊ. लोकांना वाटतं खांबाला काँक्रीट धरून ठेवतं. खांबाला धरून ठेवते ती माती. काँक्रीट ४ इंची खांबाला १२ इंची जाड पाय देतं आणि तो पाय मातीवर जास्त रुंदीने रेलतो, एवढंच. नीट ठोकलेली खडीही तेच काम करते. जमीन भुसभुशीत असेल किंवा खड्डा उथळ असेल तर काँक्रीटचा गोळा खांबासकट कलतो.

तुमच्या कुंपणावर किती जोर येईल याचा हिशेब सोपा आहे. ताशी १०० किलोमीटरचा वारा दर चौरस मीटरला सुमारे ४८ किलोचा दाब देतो. खांब ८ फुटांवर असतील तर एका खांबाच्या वाट्याला ६ फूट गुणिले ८ फूट, म्हणजे साधारण साडेचार चौरस मीटर फळ्या येतात. गुणाकार २०० किलोच्या वर जातो. जमिनीपासून ३ फुटांवर दोन-तीन दणकट माणसं एकदम रेलली असं समजा, आणि वारा झोताझोताने येतो, तेव्हा तीच माणसं रात्रभर धक्के मारतायत. यावर काँक्रीटपेक्षा स्वस्त उपाय दोन: खांब ६ फुटांवर घ्या, आणि फळ्यांमध्ये बोटभर फटी सोडा. दुसरा उपाय बायकोला पटणार नाही, आमच्याकडेही पटला नव्हता.

खोली मात्र कुठल्याही मालात सोडू नका. वर ६ फूट हवं असेल तर खाली किमान अडीच फूट, जमले तर ३. म्हणजे खांब ९ फुटी घ्या. ८ फुटी खांब आणून २ फूट पुरायचे आणि वरून काँक्रीट जास्त ओतायचं, हा हिशेब पहिल्याच वादळात चुकतो. जिथे थंडीत जमीन गोठते तिथे खड्डा गोठण्याच्या थराखाली न्यावा लागतो. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, त्यात जमिनीत बर्फाचे थर साचत जातात आणि खांब दरवर्षी थोडा थोडा वर ढकलला जातो. तशा जागी काँक्रीट ओतलंच तर खड्डा तळाशी रुंद ठेवायचा. वर रुंद आणि खाली निमुळता खड्डा म्हणजे जमिनीला पकडायला आयती मूठ दिली.

खडीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तुमचे सात खांब तिच्यावर आहेत आणि खडी वापरणारे बहुतेक जण ती नुसती ओततात.

खडी फोडलेली, धारदार कडांची हवी. नदीतले गोल गोटे किंवा शोभेचे गुळगुळीत दगड चालणार नाहीत, ते कितीही ठोकले तरी एकमेकांवरून गोट्यांसारखे सरकतात. आकार १० ते २० मिलिमीटर पुरे. सोबत थोडी कच, म्हणजे फोडताना पडणारा बारीक चुरा, असेल तर खडी घट्ट बसते. कच जास्त झाली तर मात्र पाणी उतरायचं थांबतं. माझी पद्धत: खालचा अर्धा खड्डा कच मिसळलेल्या खडीने, वरचा अर्धा धुतलेल्या स्वच्छ खडीने. तळाशी ४-६ इंच स्वच्छ खडी आधी टाकून ठोकायची, खांब तिच्यावर उभा करायचा.

खड्ड्याची रुंदी खांबाच्या तिप्पट, म्हणजे १२ इंच. खांब ओळंब्यात धरून दोन बाजूंनी तिरके टेकू ठोका आणि मग ५-६ इंचांचा एकेक थर टाकत चारही बाजूंनी ठोका. पहारीचं बोथट टोक किंवा जुन्या फावड्याचा दांडा चालतो. आवाज ऐका: भस् भस् असा येतोय तोवर थर कच्चा आहे, टण् टण् यायला लागला की पुढचा थर. दोन थरांमागे ओळंबा पुन्हा तपासायचा. अख्खा खड्डा एकदम भरून वरून ठोकला तर वरचे सहा इंच घट्ट होतात आणि खालचे दोन फूट पोकळ राहतात. मग महिनाभरात खांब डुलायला लागला की लोक म्हणतात, खडीत काही राम नाही.

नीट ठोकलेला खांब त्याच दिवशी फळ्या घेतो. पुढे कधी बदलायची वेळ आली तर खडी उपसायची, नवा खांब घालायचा, तीच खडी परत भरायची. मला खडी आवडते ती बहुतांशी याच कारणाने, हे कबूल करतो.

नुसत्या मातीबद्दल थोडक्यात. मुरमाड जमीन असेल आणि कुंपण कंबरेएवढं, उघड्या पट्ट्यांचं असेल तर निघालेला मुरूम परत ठोकून भरला तरी चालतं. तुमचं कुंपण ६ फुटी आणि बंद आहे, तेव्हा नको. चिकणमाती तर परत भरूच नये, ती भिजली की फुगते आणि सुकली की खांब सोडते.

याच चिकणमातीमुळे खालच्या कोपऱ्यात खडीही चालणार नाही. खडी पाणी उतरू देते, पण खाली उतरायला वाट असेल तरच. चिकणमातीत खणून खडी भरली की आजूबाजूचं सगळं पाणी त्या खड्ड्यात येऊन बसतं. मुरमाड बाजूलाही मी म्हणतो म्हणून विश्वास ठेवू नका, परीक्षा करा. खड्डा पाण्याने भरून एकदा पूर्ण जिरू द्या, मग पुन्हा भरा आणि घड्याळ लावा. तासाला इंचभर किंवा जास्त उतरतंय तर खडी बिनधास्त. दुसऱ्या दिवशीही पाणी दिसतंय तर तिथे लाकूड जमिनीत नको.

त्या तीन खांबांसाठी लोखंडी पाय करून घ्या: जाड पट्टीचा किंवा यू आकाराचा, जस्ताचा मुलामा दिलेला, अडीच फूट काँक्रीटमध्ये आणि दीड-दोन फूट वर. लाकडी खांब त्यात बसवून आरपार बोल्ट मारायचे, खांबाचं बूड जमिनीपासून दोन इंच वर. मात्र वरून चार स्क्रूंनी बसवायची चपटी बैठक मिळते ती घेऊ नका. ती छताखालच्या, वर बांधलेल्या खांबासाठी ठीक आहे. एकट्या उभ्या खांबावर वारा आला की ती वाकते. लोखंड काँक्रीटच्या आत सुखरूप असतं, कारण काँक्रीटचा तीव्र अल्कधर्म गंजाला थोपवतो. गंजतं ते बाहेर पडतं त्या रेषेवर, तेव्हा तिथे डांबरी रंगाचा पट्टा द्या. जाता जाता, कोणी ॲल्युमिनियमचे खांब सुचवले तर लक्षात ठेवा की तेच ओलं काँक्रीट ॲल्युमिनियमला खातं. तिथे पुरल्या जाणाऱ्या भागाला डांबराचा लेप हवाच.

फाटकाचे दोन खांब वेगळे आहेत. फाटकाचं वजन खांबाला रात्रंदिवस एकाच दिशेने ओढत असतं, वाऱ्यासारखं येऊन जात नाही. तिथे ६ इंची खांब घ्या, ३ फूट खोल, आणि काँक्रीट: १ सिमेंट, २ वाळू, ४ खडी. पाणी बेताचं. पातळ सरबत केलं तर ओतायला सोपं, पण ताकद जाते. तळाशी ६ इंच खडी, खांबाचं बूड त्या खडीत दोन इंच रुतलेलं राहू द्या, म्हणजे फटीतून उतरलेल्या पाण्याला खाली वाट राहते. वरचा पृष्ठभाग जमिनीच्या दोन इंच वर आणून थापीने चारी बाजूंनी उतरता करा. आठवड्याने खांबाभोवतीची फट लवचीक सीलंटने भरा. ते काही वर्षांनी सुटतं, तेव्हा दर उन्हाळ्यात एक नजर टाकायची. फाटक जड असेल तर दोन खड्ड्यांच्या मध्ये जमिनीलगत फूटभर खोल चर खणून त्यातही काँक्रीट भरा. दोन्ही पाय एकमेकांना रेटून धरतात आणि फाटकाचा खांब आत झुकत नाही.

कोरडं मिश्रण खड्ड्यात टाकून वरून पाणी ओतायची पद्धत पाहिली असेल. पाणी सगळीकडे सारखं पोहोचत नाही, मधेमधे कोरडे खडे राहतात. फाटकाला तरी ती वापरू नका. काँक्रीट सात दिवस ओलं ठेवा, तोवर फाटक टांगू नका. पूर्ण ताकद २८ दिवसांनी धरतात, पण तोवर थांबायची गरज नाही. आणि हातमोजे घाला. ओलं सिमेंट कातडी भाजतं आणि ते लगेच कळत नाही, संध्याकाळी कळतं.

फोमवर माझा राग नाही. दोन द्रव मिसळून ओतायचे, काही मिनिटांत फुगून घट्ट. पाणी नको, घमेली नको, आणि किलोभराची पिशवी जड गोणीचं काम करते. डोंगरउतारावर जिथे गोणी पाठीवर न्यावी लागते तिथे मीही फोमच घेईन. पण त्या काही मिनिटांत खांब तसूभर हलला तर तो तसाच कायमचा. सततच्या ओढीखाली फोम हळूहळू दबतो, म्हणून फाटकाला नको. साचलेल्या पाण्यात तो नीट जमत नाही, म्हणून खालच्या कोपऱ्यालाही नको. उन्हात उघडा राहिला तर भुगा होतो, वरून माती लोटावी लागते. उरले सात खांब, आणि तिथे तुमच्याकडे मुरमाड जमीन आहे, खडी आहे. मग फोम कशासाठी?

खांब कोणतं लाकूड आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. जमिनीत पुरण्यासाठी प्रक्रिया केलेलं लाकूड हवं, आणि त्यातही जमिनीला टेकणाऱ्या दर्जाचं, कारण नुसत्या बाहेरच्या वापराचा दर्जा वेगळा असतो. कापलेलं टोक खाली घालू नका. कापलंच तर त्यावर तांब्याच्या क्षाराचं औषध दोन हात लावा. वापरलेलं इंजिन ऑइल चोपडायचा सल्ला मिळेल, त्याने माती नासते आणि लाकूड फारसं वाचत नाही.

खणायच्या आधी जमिनीखालून वीज, पाणी, गॅसच्या लाइन कुठून गेल्यात ते बघून घ्या. मग मुरमाड बाजूला एक आणि कोपऱ्यात एक असे दोन खड्डे आधी खणा, पाण्याची परीक्षा करा आणि दोन्हीकडे किती तासांत किती उतरलं ते इथे लिहा. चिकणमातीचा थर फूट-दीड फुटाचाच निघाला आणि खाली मुरूम लागला, तर ते तीन खांबही खडीत जातील आणि लोखंडी पायाचा खर्च वाचेल.