सबवे (भुयारी रेल्वे), बस आणि फेरीबोटीच्या सेवेत बदलाचा प्रस्ताव आलाय, हरकती-सूचना मागवल्यात, तर त्यात नक्की काय बघायचं?

तुमचा प्रश्न असा की शहराने सबवे, बस आणि फेरीबोट तिन्हींचा मिळून एक प्रस्ताव काढलाय, सोबत रंगीत नकाशा जोडलाय, मत कळवा म्हणतायत आणि नकाशा बघून काही बोध होत नाही. होणारही नाही. नकाशा ही त्या फायलीतली सगळ्यात कमी कामाची गोष्ट. मी काही वर्षं बसच्या वेळापत्रकाचं काम केलंय, गाड्या आणि ड्यूट्या बसवायचं, त्यामुळे असं काही हातात आलं की मी आधी मागची कोष्टकं उघडतो. कुठल्या मार्गावर किती गाड्या, किती मिनिटांनी, पहिली कधी, शेवटची कधी, रविवारी काय. रेघ काय कुठूनही ओढता येते हो. दिवसातून चारदा येणारी बस आणि दर आठ मिनिटांनी येणारी बस नकाशावर बऱ्याचदा सारख्याच जाडीची दिसते.

एक छोटं गणित सांगतो, त्यावर बाकी सगळं उभं आहे. समजा एका मार्गावर जाऊन-येऊन, टर्मिनसला गाडी उभी राहते तो वेळ धरून, ६० मिनिटं लागतात. दर १० मिनिटांनी बस हवी तर ६ बस लागणार. आता ट्रॅफिक वाढलं, तीच फेरी ७० मिनिटांची झाली, तर एकतर सातवी बस आणि तिचा ड्रायव्हर आणा, नाहीतर त्याच ६ बसमध्ये दोन गाड्यांमधलं अंतर जवळजवळ १२ मिनिटं होतं. कुणी सेवा कमी केली नाही, कुठे बातमी आली नाही, पण स्टॉपवरच्या माणसाला कमी मिळालं. आणि उलटं पण, बसला वेगळी लेन देऊन तीच फेरी ५० मिनिटांत बसवली तर ५ बसमध्ये तेवढीच सेवा होते, किंवा ६ बस ठेवल्या तर साधारण सव्वाआठ मिनिटांनी एक. म्हणून प्रस्तावात बस लेन, सिग्नलला प्राधान्य, सगळ्या दारांनी चढायची सोय असलं काही असेल तर ते 'बाकीच्या सुधारणा' म्हणून सोडून देऊ नका, खरी सेवा तिथूनच निघते. सॅन फ्रान्सिस्कोने २०१२ मध्ये सगळ्या बसना सगळ्या दारांनी चढायला परवानगी दिली ती ह्याचसाठी, पुढच्या दाराशी तिकीट दाखवत रांग लागते तेव्हा अख्खी बस थांबलेली असते.

आता मुद्द्याचं. पैसे वाढले नसतील तर प्रत्येक प्रस्ताव म्हणजे इथलं काढून तिथे लावणं. त्यात पाप काही नाही, पण कुठून काढलं ते उघड सांगितलं पाहिजे, आणि नेमकं तेच पान बारीक अक्षरात असतं. ह्युस्टनने २०१५ च्या ऑगस्टमध्ये एका रात्रीत जवळपास अख्खं बस नेटवर्क बदललं, जॅरेट वॉकर नावाचे सल्लागार त्यात होते. तिथल्या वाहतूक संस्थेच्या बोर्डाने आधी एक सरळ प्रश्न सोडवला, की आपली सेवा जास्तीत जास्त लोक बसतील तिथे लावायची का कमी लोक असले तरी प्रत्येक कोपऱ्यात पोचवायची, आणि ठरवलं की ८० टक्के पहिल्यासाठी, २० टक्के दुसऱ्यासाठी. मग जवळपास त्याच खर्चात गर्दीचे मार्ग सरळ केले, आठवड्याचे सातही दिवस वारंवार चालणाऱ्या बसचं जाळं केलं, आणि काही वस्त्यांची बस लांब गेली. मला ८०-२० पटतं का हा वेगळा विषय (माझ्या मते ज्या शहरात म्हातारी माणसं शहराच्या कडेला राहतात तिथे २० कमी पडेल), पण आधी आकडा ठरवून मग नकाशा काढला ही गोष्ट मात्र मानली पाहिजे. तुमच्या प्रस्तावात असा आकडा शोधा. नसेल तर तीच तुमची पहिली सूचना.

स्टॉप कमी करण्यावरून सगळ्यात जास्त भांडण होतं आणि दोन्ही बाजूंचं खरं असतं. एक स्टॉप म्हणजे वेग कमी करणं, दार उघडणं-मिटणं, परत ट्रॅफिकमध्ये घुसणं, असे आठ-दहा स्टॉप वगळले की मार्गावर काही मिनिटं सहज वाचतात आणि वरचं गणित बघा, त्या मिनिटांची किंमत एक गाडी असू शकते. पण काठी घेऊन चालणाऱ्या बाईला दोनशे मीटर जास्त म्हणजे कधीकधी बसच बंद. न्यूयॉर्कमध्ये क्वीन्स भागाच्या बस नेटवर्कचा पहिला मसुदा २०१९ च्या डिसेंबरात आला, लोकांनी धू धू धुतला, मध्ये कोविडमुळे सगळं थांबलं, २०२२ ला नवा मसुदा काढावा लागला, आणि प्रत्यक्ष बस धावल्या २०२५ च्या जून आणि ऑगस्टमध्ये, दोन टप्प्यांत. साडेपाच वर्षं. म्हणजे हरकती घेऊन काही होत नाही असं जे म्हणतात ते खरं नाही, होतं, पण 'आमचा स्टॉप काढू नका' असं सगळ्यांनीच लिहिलं तर वाचणाऱ्याला त्यातून काही उचलता येत नाही. अमुक स्टॉपसमोर दवाखाना आहे, पुढच्या स्टॉपपर्यंत चढ आहे आणि फुटपाथ तुटलाय, असं लिहिलं की ते नोंदवलं जातं.

सबवेत नवीन बोगदा वगैरे दहा-वीस वर्षांच्या गोष्टी, तुमच्या प्रस्तावात बहुधा आहे त्याच रुळांवर गाड्या फिरवून घालणं असेल. ह्याचं ताजं उदाहरण पण न्यूयॉर्कचंच. तिथे एफ आणि एम ह्या दोन लाइन नदीखालच्या वेगवेगळ्या बोगद्यांतून क्वीन्समध्ये यायच्या आणि तिथे पोचल्यावर एक फास्ट रुळावर, एक स्लो रुळावर जाताना एकमेकींच्या वाटेत यायच्या. एक चुकली की दुसरी थांबणार, तिच्यामागची तिसरी थांबणार. म्हणून डिसेंबर २०२५ पासून सोमवार ते शुक्रवार दिवसा दोघींचे बोगदे अदलाबदल केले. नवीन डबा नाही, नवीन रूळ नाही. पण नदीतल्या रूझवेल्ट बेटावर आधी एफ यायची, तिच्या जागी दिवसा एम आली, एमच्या गाड्या कमी वेळा येतात आणि गाडी पण छोटी, ८ डब्यांची, आणि रात्री नि शनिवार-रविवारी परत एफच. तिथल्या लोकांनी आरडाओरडा केला, आणि मी तिथे राहत असतो तर मीही केला असता, पण कागदावर बसून ठरवायचं असतं तर सही केली असती, कारण त्या दोन लाइनवर रोज अडकणारी माणसं बेटावरच्या लोकांपेक्षा कितीतरी जास्त. अशा बदलात विचारायचं एवढंच की ज्यांचं गेलं त्यांना बदल्यात काय, चार गाड्या वाढवल्या का, रात्रीच्या वेळेचं काय, आणि बोर्डावर, अनाउन्समेंटमध्ये ते नीट कळणार का.

बोटीकडे मात्र जरा संशयाने बघा. फोटो फार छान येतात, त्यामुळे उद्घाटनाला सगळ्यांना बोट आवडते. बोट चालते कुठे, तर जिथे पाण्यातून सरळ पलीकडे जाता येतं आणि जमिनीवरून मोठा वळसा पडतो तिथे. किनाऱ्याकिनाऱ्याने दर जेट्टीला थांबत जाणारी बोट फसते, कारण प्रत्येक जेट्टीला वेग कमी करायचा, दोर बांधायचा, फळी टाकायची, लोक उतरवायचे, चढवायचे, परत निघायचं, आणि आत बसलेले तोवर घड्याळ बघतायत. वर डिझेल, खलाशी, धुकं. न्यूयॉर्कने २०१७ मध्ये एनवायसी फेरी काढली तेव्हा तिकीट मुद्दाम सबवेएवढं, २.७५ डॉलर ठेवलं होतं, पुढे शहराच्या कंट्रोलरच्या (म्हणजे शहराचे हिशेब तपासणाऱ्या अधिकाऱ्याच्या) २०२२ च्या ऑडिटमध्ये निघालं की २२ कोटी ४० लाख डॉलरचा खर्च नीट दाखवलेलाच नव्हता, आणि त्याच वर्षी तिकीट ४ डॉलर झालं, नंतर साडेचार. आणि त्या तिकिटावर पुढे सबवे किंवा बस फुकट बदलून मिळत नाही, ती वेगळी. त्याच शहरात स्टेटन आयलंडची जुनी बोट आहे, साधारण २५ मिनिटांची, चोवीस तास चालणारी, १९९७ पासून फुकट, आणि ती रोजच्या कामाची आहे कारण बेटाकडच्या जेट्टीलाच बस आणि लोकल दोन्ही लागतात नि त्यांच्या वेळा बोटीला धरून बांधलेल्या असतात. म्हणजे बोटीची वेळ दहा मिनिटं सरकवली तर बसचं अख्खं कोष्टक हलतं. तुमच्या प्रस्तावात तिन्ही एकत्र आहेत ना, तर हेच तपासा: बोट जेट्टीला लागल्यावर किती मिनिटांत बस सुटते, आणि बोट उशिरा आली तर बस थांबणार का निघून जाणार. बहुतेक ठिकाणी ही दोन खाती वेगळी असतात आणि एकमेकांचं टाइमटेबल बघतच नाहीत.

बस फुकट करा असं पण कुणीतरी म्हणणारच. लक्झेंबर्गने १ मार्च २०२० पासून देशभर केलंय, न्यूयॉर्कने पाच मार्गांवर वर्षभर करून बघितलं, प्रवासी वाढले, पण बसचा वेग त्याने वाढला नाही. चांगली गोष्ट आहे, माझा विरोध नाही, फक्त तिकिटाचे पैसे कुठून भरून काढणार ते आधी लिहून घ्या, नाहीतर दोन वर्षांनी गाड्याच कमी होतात आणि फुकट काय मिळतं तर स्टॉपवर उभं राहणं.

आणि बदलाचा दिवस. दक्षिण कोरियातल्या सोल शहराने १ जुलै २००४ ला बसचे नंबर, रंग, कार्ड, भाड्याची पद्धत आणि रस्त्याच्या मधल्या बस लेन सगळं एकदम बदललं, पहिल्या दिवशी कार्डाची मशिनं गंडली, लोकांना बस सापडेना, मेयरना माफी मागावी लागली. नंतर तीच व्यवस्था बघायला जगभरातून लोक यायला लागले ते सोडा. तुम्ही विचारा की पहिल्या आठवड्यात स्टॉपवर माणसं उभी करणार का, जुने बोर्ड कधी काढणार, आणि सहा महिन्यांनी आकडे जाहीर करून चुकलेलं परत फिरवायची सोय ठेवलीय का.

लिहिताना लांबलचक निबंध नको. तुम्ही कुठून कुठे जाता, किती वाजता, आज चालणं-थांबणं-प्रवास मिळून किती वेळ लागतो आणि नव्या वेळापत्रकाने किती लागेल, एवढं चार ओळीत. शेजारच्यांचं पण तसंच लिहून घ्या, विशेषतः रात्रपाळीवाल्यांचं, कारण सभा ठेवतात संध्याकाळी सहाला आणि ते तेव्हा कामावर निघालेले असतात. आवडलेला बदल असेल तर तोही लिहा, नाहीतर विरोधाच्या ढिगात चांगलं तेच आधी कापलं जातं.

तुमच्या मार्गाचं जुनं आणि नवं कोष्टक हाताशी असेल तर खाली टाका, किती गाड्या वाढल्या किंवा गेल्या ते काढून सांगतो.